वाकडीची बोली

वाकडी लोखंडी फाटकावर धडकली तशी कुंपणावर बसलेली माणसं पटापट खाली उतरली. फाटक हललं नाही. वाकडीचा पुढचा पाय मात्र काडकन मोडला. बायसनची म्हातारी मादी ती, एक शिंग डोळ्याकडे वळलेलं. नाकातून रक्ताचे फुगे येत होते. तरी तीन पायांवर उठली आणि पुन्हा धडकली.

"घे, अजून घे," ओटिली कुंपणाला टेकून म्हणाली. "माझ्या लिअँडरला अशीच भिडली होतीस ना?"

लिअँडर तिचा एकुलता एक. पार्कात घोड्यावरून कळप राखायचा. दोन वर्षांपूर्वी याच वाकड्या शिंगाने त्याला घोड्यावरून उचललं आणि पोटापासून छातीपर्यंत उघडं केलं. तेव्हा बरोबर एकटा मिलबर्ट होता, ओटिलीच्या भावाचा मुलगा. त्यानेच प्रेत खोगिरावर आडवं घालून आणलं. कळप निवांत चरत होता, हीच एकटी पिसाळली, असं त्याने पाद्र्यासमोर हात वर करून सांगितलं. पार्कात बंदुकीला बंदी, म्हणून अडवायला हातात काही नव्हतं, असंही सांगितलं.

सरकारी जनावर, त्याला हात कोण लावणार? डाकोटातलं ते पार्क जनावरं मारत नाही. गवताला भारी झाली की दर पानगळीत बंद लिफाफ्यातल्या बोलीवर विकून टाकतं. ओटिली दात-ओठ खात थांबली. यंदा वाकडी विक्रीला निघाली. दात झिजलेले, गाभण राहायची बंद झालेली. खाटीकही तिच्याकडे बघेना. ओटिलीने आपली दुभती गाय विकून बोली भरली आणि सुरीला धार लावून घेतली.

सकाळी लिफाफे फोडले. वाकडीवर दोनच बोल्या निघाल्या. एक ओटिलीची. दुसरी मिलबर्टची, तिच्या तिपटीची.

ओटिलीने भर शेडमध्ये त्याची कॉलर धरली. "हाडांच्या या सापळ्याला एवढे पैसे? माझ्या हातातली सुरी काढून घेतलीस मेल्या!"

"तुझ्यासाठीच केलं गं आत्या. या वयात कशाला रक्तात हात घालतेस? मी नेतो, गोळी घालतो आणि माझ्या रानात पुरून टाकतो. संपला विषय."

"पुरून टाकतोस? मांस?" ओटिली बघतच राहिली. त्यांच्या घराण्यात कुणी मांस पुरलं नव्हतं. बर्फात घोडा मेला होता, तर तोही खाल्ला होता.

मिलबर्ट ट्रेलर मागे घ्यायला गेला. आणि ट्रेलरचं तोंड दिसताच वाकडीने फाटकाला धडक दिली होती.

पार्कचा मुकादम गस खाली थुंकला. "मोडक्या पायाचं जनावर गाडीत चढणार नाही. मिलबर्ट, तुझा माल. इथंच उरक, बंदुकीच्या बंदीचं मी बघतो."

मिलबर्टने गाडीतून आज्याची जुनी बंदूक काढली. पहिली गोळी शिंगाचा टवका उडवून गेली. वाकडी हंबरली नाही, सरळ त्याच्याकडे बघत लंगडत आली. दुसरी गोळी कानामागे बसली. ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर पडली. पाय बराच वेळ माती उकरत राहिले.

"साखळी आणा," मिलबर्ट घाईने म्हणाला. "अशीच ओढू गाडीत."

"कातड्यासकट? या उन्हात?" ओटिली फाटकातून आत शिरली. "घरी पोचेपर्यंत आंबेल. तुझ्या बापाने असलं केलं असतं ना, तर माझ्या बापाने आधी त्यालाच सोलला असता."

माणसं हसली. मारणाऱ्याने सोलायचं नाही, सोलायचं ते घरातल्या थोरल्या बाईने, ही त्यांच्या घरची रीत सगळ्यांना ठाऊक होती. मिलबर्ट आडवा आला. तिने सुरीचं टोक त्याच्या पोटाकडे धरलं. तो बाजूला झाला.

तिने आधी गळा चिरला. मग रागारागाने बरगडीत लाथ घातली. पाठीवरून कातडं फाडत ती वर सरकली. कोपरापर्यंत लाल झाली. वशिंडाजवळ सुरी करकरली.

आत पांढरी, टणक गाठ होती. ओटिलीने ती चिरली, दोन बोटं घालून उपसली. शिशाची गोळी निघाली. आजची कानामागे होती. हिच्याभोवती केव्हाचं मांस धरलं होतं.

तिने ती जाड एप्रनला पुसली. टोक चेपलेलं, पण बुडाशी बारीक उभी रेघ शाबूत होती. तिच्या बापाच्या गोळ्या ओतायच्या साच्याचा टवका उडालेला होता, त्याची रेघ. लहानपणी त्या साच्यात शिसं ओतताना तिची बोटं पोळली होती. बंदुकीबरोबर तो साचा आता मिलबर्टच्याच घरी होता.

माणसं कुंपणाजवळ सरकून बघू लागली.

"आत्या... त्या दिवशी फक्त थोडं मांस हवं होतं गं," मिलबर्ट मागे सरकत म्हणाला. "वाटलं, एका गोळीत पडेल."

ओटिलीने वाकून वाकडीचा उघडा डोळा तळहाताने मिटला. मग सुरी उचलली.

"गस," ती म्हणाली, "फाटक लाव. एक जनावर अजून आत आहे."