गाडीखालची गडगड

थाळी वाजायला लागली तेव्हा किशोरची गाडी वाडीच्या खालच्या वळणावर होती.

"थाळी," सोनाली म्हणाली आणि तिने नवऱ्याचा हात असा धरला की स्टीअरिंगच हललं.

तळीयेला दरड आली त्या पावसाळ्यापासून पोलादपूरच्या वरच्या अंगाची ही वाडी एक रिवाज पाळत होती. डोंगरातून गडगड ऐकू आली की गोमाजीआबांनी पितळी थाळी बडवायची आणि चुलीवरचं चुलीवर टाकून सगळ्यांनी शाळेच्या पटांगणात पळायचं. कुणी काही विचारायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. किशोरला हे सगळं मुंबईत फोनवर कळलेलं. थाळी स्वतःच्या कानांनी तो आज पहिल्यांदाच ऐकत होता.

धुक्याने समोरचा रस्ता खाऊन टाकला होता. वर घरात आई एकटी होती आणि तिला धड चालवत नव्हतं.

त्याने ॲक्सिलरेटर दाबला. गडगड वाढली. पोलादपूर सोडल्यापासून गाडीखाली काय खरडतंय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्या ठणठणाटात तो आवाज त्याला गाडीचा वाटेना. डोंगरच खाली येतोय असं वाटलं. त्याने गाडी आणखी दामटली, तशी गडगडही आणखी जोरात मागे लागली.

"अहो, मागे फिरवा."

"आय वर हाय," तो ओरडला. मुंबईची मराठी कुठल्या कुठे पळाली होती.

पटांगणाजवळ दिव्यांच्या उजेडात माणसं दिसायला लागली. बायका कडेवर पोरं घेऊन पळत होत्या. येसाजीने म्हाताऱ्या बापाला पाठुंगळीला घेतलं होतं. किशोरने ब्रेक दाबला, आणि गडगड थांबली.

सगळे जागच्या जागी थबकले. न दिसणाऱ्या डोंगराकडे माना करून उभे राहिले.

"थांबली," गोमाजीआबा हलकेच म्हणाले. थाळी त्यांनी छातीशी धरली होती.

किशोरने सगळ्या तोंडांवरून नजर फिरवली. त्यात आईचं तोंड नव्हतं. घराकडे जायला त्याने गाडी पुढे काढली मात्र, गडगड पुन्हा सुरू झाली आणि लोक किंकाळ्या फोडत मागे पळाले. त्याने घाबरून ब्रेक मारला. आवाज बंद.

सोनाली त्याच्याकडे बघत राहिली. "अहो," ती म्हणाली, "ही आपली गाडी हाय."

तो उतरून चिखलात पालथा झाला. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर पुढून सुटून सुपासारखं लोंबत होतं. दर वेळी ऑइल बदलताना गॅरेजवाला ते काढायचा आणि बसवताना थोडे थोडे स्क्रू गाळायचा. "चालतंय साहेब," म्हणायचा, आणि किशोर चालवून घ्यायचा. मुंबईच्या कलकलाटात कव्हराची खरखर ऐकतो कोण? आज महाडला हार्डवेअरच्या दुकानातून तार घेऊन त्याने ते बांधलं, ती तार चढाला तुटली. पावसाने रस्त्यावर आणलेले दगडगोटे कव्हरात जाऊन बसले होते आणि चाक फिरेल तसे आत गडगडत होते.

त्याने मूठभर गोटे काढून सगळ्यांसमोर धरले.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसायला लागले. येसाजीचा बाप तर त्याच्या पाठीवरच हसत सुटला.

"आबा," येसाजी म्हणाला, "उद्या माझ्या घरी कुकरची शिटी होनार हाय. थाळी घिऊन या."

गोमाजीआबा हसले नाहीत. त्यांनी थाळी धोतराच्या सोग्याने पुसली. "आता पुढल्या टायमाला नीट ऐकून घेईन," ते खालमानेने म्हणाले. "मंगच वाजवीन."

"नाय आबा," किशोर म्हणाला. "नीट ऐकू नका. लगीच वाजवा."

पण पाऊस वाढला होता आणि माणसं घरांकडे वळली होती. आबाही वळले.

थाळी ऐकून निघालेली किशोरची आई, ठकूबाई, पायवाटेवर पडली होती. गुडघ्यावर लुगडं फाटलं होतं, खाली रक्त दिसत होतं. तिला बघून किशोरला रडू आलं. भर पावसात ते कुणाला कळलं नाही.

घरी आल्यावर त्याने कोमट पाण्याने तिचा गुडघा धुतला. म्हातारी मात्र खुशीत होती. मुलगा आला होता, सून आली होती.

"येका अर्थी बरंच झालं," ती म्हणाली. "पाऊस लागला का माझा जीव नुसता टांगलेला असायचा बघ. आता गडगड ऐकू आली तरी मी धसका घेनार नाय. म्हनेन, माझ्या किशोरची गाडी आली."

किशोरचा हात थांबला. मागच्या दारातून डोंगराचा पायथा तेवढा दिसत होता, वरचा सगळा ढगात होता.

"आय, ते कव्हर मी आत्ता उपटून टाकतो. गडगड झाली का पळायचं. मी असलो तरी पळायचं."

"काय तरीच काय बोलतोस," ठकूबाई म्हणाली आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चहाचं आधण ठेवायला उठली. "लेक आला म्हनून कोन पळतं रे?"