एका पत्त्यावर एकच दुकान

थोरली जाऊ लोकरीच्या टोप्या विणून एका साइटवर ऑनलाइन विकायची, तर धाकटी त्याच साइटवर घरी बनवलेला साबण. घर एकच, पण दोघींमधून विस्तव जात नव्हता. मधलं दारसुद्धा दोन वर्षं कपाट लावून बंद केलेलं.

अशात साइटने नवा नियम काढला, एका पत्त्यावर एकच दुकान. थोरलीने कंपनीच्या नावाने बोटं मोडली आणि शेवटी कपाट ढकललं.

"हे बघ, बोलायचं फक्त धंद्यापुरतं."

"मला तरी कुठे हौस आलीये, जाऊबाई!"

पण टोपीत साबण घालून विकायची कल्पना धाकटीला सुचली आणि ऑर्डरी वाढल्या. खोक्यांना टेप लावता लावता सासूबाईंच्या नकला सुरू झाल्या. चहाही एकाच पातेल्यात उकळू लागला.

आज सकाळी थोरलीच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला. नियम मागे घेतलाय, आता पुन्हा वेगवेगळी दुकानं चालवा. तिने तो झटकन पुसून टाकला.

"काय आलं हो, ताई?"

"काही नाही गं, जाहिरात."

दुपारी पार्सलचा फोटो काढायला तिने धाकटीचा फोन घेतला. समोर तोच मेसेज उघडा होता, परवाच आलेला.

थोरलीने पार्सल बाजूला ठेवलं आणि आधी त्या कपाटाचा फोटो काढला.


"हेही विकायला टाक गं!"