हळदीपुरता परवाना

"दोघी बहिणी एकाच गावात नांदा गं," आई म्हणायची. तो आवाज केतकीच्या कानात अजून घुमत होता.

नाशिकात ठरल्या आकड्यापेक्षा एकही माणूस जास्त चालत नसे. केतकीला मुलगी झाली तेव्हा माणसं मोजणाऱ्या सरकारी यंत्राच्या हुकमानं घरातलं एक माणूस कमी करावं लागलं, आणि धाकटी रेवती एकटीच परभणीला गेली. आज बावीस वर्षांनी, त्याच भाचीच्या हळदीला, ती एका दिवसाच्या परवान्यावर आली होती.

दोघी जात्यावर हळद दळत होत्या.

"यंत्रानं माझंच नाव काढलं बघ, ताई," रेवती हसली. "जाडी म्हणून जास्त जागा खात असेन."

केतकीच्या हातातला खुंटा थांबला.

"यंत्रानं फक्त नाव मागितलं होतं गं," ती म्हणाली. "तुझं नाव मी दिलं."