हात फिरवल्याशिवाय

"खिळा माझा नाही," मोची म्हणाला. "माझ्या बुटात खिळा वर येतच नाही."

डॉक्टरांनी बूट टेबलावर ठेवला. पलंगावर आजी बसली होती, डाव्या टाचेला हे एवढं बँडेज. तिला काहीच दुखत नव्हतं, आणि तीच तर रड होती. कुष्ठरोग औषधांनी केव्हाच गेला होता, पण जाताना पावलांतली जाणीवही घेऊन गेला होता. आठ दिवस ती खिळ्यावर चालली आणि तिला पत्ताच नाही. मोजा रक्ताने भिजलेला मोठ्या सिस्टरांना दिसला, तेव्हा कळलं.

रविवारी तिचा मुलगा येणार होता, अकरा वर्षांनी. 'आज येईल, उद्या येईल' म्हणून आजी आपली पिशवी कायम भरून ठेवायची. सगळे तिला पिशवीआजी म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. या वेळी मात्र खरंच पत्र आलं होतं. सुनेची एकच अट होती. घरात लहान मूल आहे, अंगावर जखम नको.

आज गुरुवार होता आणि पू हाडापर्यंत गेला होता.

वॉर्डातली मावशी चहा घेऊन आली. पत्र्याचे मग इतके तापले होते की डॉक्टरांनी रुमालात धरला. मोच्याने आपला मग तळहातात घेतला आणि तसाच उभा राहिला.

"अहो, हात आहेत की सांडशी?" मावशी म्हणाली.

"चाळीस वर्षं चामडं कुटतोय. हातही चामड्याचेच झाले आता."

एरवी तो यावर स्वतःच मोठ्याने हसला असता. आज त्याला चहाही गोड लागेना. त्या म्हातारीसाठी त्याचा जीव नुसता तुटत होता. पण जे आपण केलंच नाही ते कबूल तरी कसं करायचं?

त्याची पद्धत साऱ्या दवाखान्याला ठाऊक होती. या लोकांचे बूट शिवायचे, चिकटवायचे. खिळे फक्त टाचेला, तेही चार आणि बारीक. मग उघडा हात आत घालून तीनदा फिरवायचा. त्यांच्या पायाला कळत नाही ना, मग माझ्या हाताला कळायला हवं, असं तो म्हणायचा. हात फिरवल्याशिवाय एकही बूट त्याच्या खोलीबाहेर पडत नसे.

सुरुवातीला तो असा नव्हता. वीस वर्षांपूर्वी कामाला लागला तेव्हा दुरुस्तीला आलेला बूट चिमट्याने धरायचा. बाहेरचे मोची तर या लोकांना दारातूनच हाकलायचे, तेव्हा एवढंही पुष्कळ होतं. एक दिवस मोठ्या सिस्टर त्याच्या शेजारी स्टुलावर येऊन बसल्या.

"प्रभू येशूकडे एक कुष्ठरोगी आला होता," त्या म्हणाल्या. "लांबूनच 'बरा हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांनी आधी हात लावला. का बरं लावला असेल?"

"मला काय विचारता सिस्टर? मी चर्चमध्ये मागच्या बाकावर झोपणारा माणूस."

"त्याला कित्येक वर्षांत कुणी शिवलंच नव्हतं रे. ते दुखणं आधी बरं करायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी चिमटा खुंटीला लागला तो लागलाच.

बायकोला हे बिलकूल पटलं नव्हतं. "तुमचा प्रभू बरं करत होता, तुम्ही मोची आहात," ती म्हणायची. "तो रोग एक दिवस घरात आणलात ना, तर पोरींना घेऊन मी आईकडे. सांगून ठेवते!" हात लावल्याने होत नाही, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. परवा तिला त्याच्या बोटावर खोल चीर दिसली आणि ती पुन्हा भडकली. एवढं लागलंय आणि माणूस बोलत कसा नाही? कामाच्या नादात राहिलं, म्हणाला आणि पोरींना हाका मारत सुटला.

"मग खिळा नंतर कुणी ठोकला म्हणायचं?" डॉक्टर म्हणाले. "आजींनी?"

"मी कशाला ठोकू? मी तर रविवारची वाट बघत होते," आजी म्हणाली. "आणि डॉक्टर, त्याला बोलू नका. घरच्यांनी मला ताट काठीने सरकवलं होतं. माझं पाऊल मांडीवर घेऊन माप घेणारा हा पहिला माणूस."

मोच्याला ते फार लागलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मुलाला कळवू," पलंगाशी उभ्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "थोडा थांबेल तो."

"नाही थांबायचा." आजीने पिशवी जवळ ओढली, आतला स्वेटर काढला आणि घडी करून उशाशी ठेवला. मग टॉवेल काढला. अकरा वर्षांत तिने पिशवी कधी रिकामी केली नव्हती.

मोच्याला ते बघवेना. त्याने टेबलावरचा बूट उचलला.

"अहो, जपून!" डॉक्टर म्हणाले.

पण त्याने हात आत घातलासुद्धा. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. तिसऱ्यांदा सावकाश, टाचेवर बोटं चांगली दाबून, सगळ्यांच्या देखत.

"बघा. कुठंय खिळा? लोण्यासारखं मऊ आहे!" त्याने हात बाहेर काढून सगळ्यांसमोर धरला.

सिस्टरांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला. मावशी दोन पावलं मागे सरली. आजी मात्र पुढे वाकली आणि तिने त्याची बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली. पांढऱ्या चादरीवर लाल थेंब पडायला लागले.

"लेका," ती हळूच म्हणाली, "दुखतंय का रे?"

"काय?" मोची म्हणाला.