अजून एक चूक

पिवळा पट्टा पुन्हा चुकला होता.

एवारिस्तोने ते छोटं मॉडेल-विमान खिडकीच्या उजेडात धरलं. शेपटीकडून नाकाकडे पाहिलं, मग नाकाकडून शेपटीकडे. स्वयंपाकघरात त्याची सून नोएलिया मोराला कडेवर घेऊन उभी होती. पोर रांगायला लागल्यापासून जमिनीवरचं काहीही तोंडात घालायची, आणि या घरात जमिनीवर विमानांची चाकं नाहीतर बॉम्ब पडलेले असत. गास्तोन, नोएलियाचा नवरा, ब्रश पुसत होता. ब्रश कधीचाच स्वच्छ झाला होता.

"पट्टा अरुंद आहे," एवारिस्तो म्हणाला. "बाकी ठीक. पण पट्टा अरुंद वाटतोय."

इंग्रजांशी झालेल्या मालविनास बेटांच्या लढाईत हे विमान, म्हणजे खरंखुरं, एवारिस्तोच्या हाताखाली होतं. तो त्याचा मेकॅनिक. बेटांवरून आपल्याच लोकांनी आपलंच विमान पाडू नये म्हणून तो पट्टा त्याने स्वतः, भिंती रंगवायच्या ब्रशने ओढला होता. लेफ्टनंट लारालदे ते विमान घेऊन गेला आणि परत आला नाही. उद्या दोन एप्रिल, त्या लढाईचा स्मरणदिन. तांदीलच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबात प्रदर्शन होतं, लारालदेची म्हातारी बहीण येणार होती, आणि गास्तोन हे विमान तिच्या हातात देणार होता. पण बापाने बरोबर आहे म्हटल्यावरच. तसं गास्तोनने स्वतःच पहिल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. बापाने आजवर त्याच्या कुठल्याच कामाला बरं म्हटलेलं नव्हतं.

डब्यातून सुट्या भागांत आलेलं विमान फ्रेंच जातीचं होतं. नाक बापाच्या विमानापेक्षा वेगळं. गास्तोनने ते कापलं, पुट्टी भरून नवं घडवलं. ते मोरा पालथी पडायला लागली तेव्हा. मग इंजिनाचं मागचं तोंड चुकलं. तेव्हा मोरा बसायला लागली होती. मग चाकांच्या खोबणी, मग पोटाखालचा निळा. नोएलियाला सगळं असंच आठवायचं. तिचं लक्ष सगळीकडे असायचं, गॅसच्या बटणावर, झोपलेल्या पोरीच्या श्वासावर, आणि अलीकडे या दोन पुरुषांच्या तोंडांवर. जेवताना ते आता मीठसुद्धा तिच्यामार्फत मागायचे.

"बाबा, सरळ म्हणा ना, पोराला काही येत नाही म्हणून," गास्तोन म्हणाला.

"मी पट्ट्याचं बोलतोय."

"बरं. मग उद्या ते जसं आहे तसं जाईल. आणि परवा तुम्ही आत्याकडे. आसूलला. तिथे तिच्या भिंती तपासा."

एवारिस्तोने विमान टेबलावर ठेवलं, अंड्यासारखं अलगद, आणि तो मागच्या अंगणात निघून गेला. गास्तोन तसाच उभा राहिला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो शब्द मागे घेणारा नव्हता. शेवटी तोही त्याच बापाचा मुलगा.

नोएलिया मोराला घेऊन अंगणात गेली. म्हातारा अंजिराखाली बसला होता. येर्बाच्या कडवट चहाचा पेला हातात, आणि तो पीत नव्हता.

"मोराला पहिला दात आला त्या आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, पट्टा रुंद आहे," ती म्हणाली. "याने खरवडून अरुंद केला. आज म्हणता अरुंद आहे."

"फार लक्ष असतं तुझं, पोरी."

"मला दुसरं कामच काय आहे. बाबा, खरं सांगा. काय चुकलंय त्यात?"

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, काही नाही. नाक घडलं तेव्हापासूनच काही नव्हतं. इतकं हुबेहूब काम त्याने कधी पाहिलं नव्हतं.

नोएलियाला संताप आला. मग एवढं एक वाक्य आत जाऊन बोलायला काय होतं, तिने विचारलं. तयार आहे, एवढं म्हणा. तुमचा मुलगा त्या एका शब्दासाठी सुकत चाललाय.

तोच शब्द, म्हातारा म्हणाला. आणि खाली मान घालून सांगत गेला. लढाईत सान हुलियानच्या हवाई तळावर रीत होती. वरचे साहेब काही म्हणोत, मेकॅनिकने वैमानिकाच्या डोळ्यांत बघून 'तयार' म्हटल्याशिवाय शिडी हलत नसे. लारालदे गेला त्या सकाळी शेजारच्या विमानाखाली तेलाचा थेंब दिसला. त्याच्या मेकॅनिकने विमान अडवलं. वैमानिकाने चाकाला लाथ घातली, मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो वैमानिक आता चौकात नातवंडांना आइस्क्रीम खाऊ घालताना भेटतो. मिश्यांना आइस्क्रीम लागलेलं असतं.

मोराने हात पुढे करून म्हाताऱ्याचं बोट पकडलं. त्याने ते सोडवलं नाही.

"आणि तुमचं विमान?" नोएलियाने विचारलं.

"मी पंखाखाली उताणा पडून बघितलं. परत शिडीवर चढलो, परत उतरलो. लेफ्टनंट वरून हसत होता, आटप की रे म्हणाला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पोरी, मला एकसुद्धा चूक सापडली नाही."