देवघरातला दिवा

हेमावतीअम्मांच्या देवघरातला दिवा आपोआप लागल्याची तक्रार पुन्हा आली होती, आणि या वेळी दिनकरच्या साहेबांनी ती हसण्यावारी नेली नाही. कोणीतरी बाहेरून त्या घराच्या यंत्रणेत शिरतंय, विजयेंद्र साहेब म्हणाले. आज छडा लाव, नाहीतर अम्मांच्या मुलीला तसं कळवावं लागेल.

मुलगी रंजनी जर्मनीत. आईच्या मैलापूरच्या घरात दिवा, पंखा, दारावरची घंटा, सगळं इंटरनेटवर चालणारं तिनेच बसवून घेतलं होतं. घर सुरक्षित नसेल तर ते विकायचं आणि अम्मांना कोइम्बतूरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, असं तिने साफ सांगितलं होतं.

दिनकर मूळचा सांगलीचा, घरांत अशी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत दुरुस्तीच्या कामाला. राहायला त्याच शहरात, टी. नगरात, साड्यांच्या दुकानांच्या वर. खाली आडीच्या, म्हणजे आपल्या आषाढातल्या, सेलची ही झुंबड, आणि वर या गड्याशी बोलायला चिटपाखरू नाही. तमिळ अजून जिभेवर बसत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तोंडातून एक शब्द निघायचा नाही. एकटेपणा माणसाला खातो म्हणतात, ते काही उगाच नाही.

अम्मा तंजावरकडच्या मराठी. बोलण्याला हेल तमिळचा, शब्द मात्र दिनकरच्या पणजीच्या वेळचे. त्यांनी दार उघडलं, फिल्टरची कापी ठेवली, वाटीत उडदाचं डांगर दिलं. सांगलीला त्याची आई करायची तेच, वर कढीपत्त्याची फोडणी. मग सावकाश गप्पा सुरू झाल्या. सांगलीत पाऊस झाला का, आईचे गुडघे कसे आहेत, लग्नाचं काय.

"इतक्यांदा बोलावते," अम्मा म्हणाल्या. "रागावत नाहीस ना, बाळ?"

"छे हो. हे कामच आहे माझं."

देवघर सोवळ्यातलं. त्याच्या उंबऱ्याआत दिनकरने कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि तशी गरजही पडली नव्हती. त्याचं सगळं काम लॅपटॉपवर. शिवाय त्यांच्या कंपनीची उपकरणं मोठी गुणाची. घरातली कामं आपसात वाटून घ्यायची, आणि एखाद्याकडून उत्तर आलं नाही तर शेजारचं त्याच्या वतीने 'काम झालं' असा जबाब द्यायचं. जाहिरातीत याचंच कौतुक असे.

अम्मा वाटी भरून आणायला आत गेल्या. दिनकरने यंत्रणेतली चोरवाट शोधली. शोधली कसली, ती कुठे आहे हे त्याला पाठ होतं.

पहिली तक्रार खरी होती. पासवर्ड कच्चा होता, तो त्याने बदलला. पण निघताना स्वतःसाठी एक वाट उघडी ठेवली. मग पोंगल सरल्यापासून खोलीत जीव अगदी नकोसा झाला की तो मोबाईलवरून अम्मांचा दिवा लावायचा. पडद्यावर 'दिवा लागला' असं उमटायचं. कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने अम्मांची तक्रार यायची, आणि दिनकर बॅग उचलायचा. म्हातारं माणूस, आठवण उशिरा होते, असं तो धरून चालला होता.

पण त्याच्या या खेळापायी अम्मांचं घर जाणार होतं. त्याने चोरवाट कायमची बुजवली आणि घर सुरक्षित असल्याचा अहवाल पाठवून दिला.

"अम्मा, आता दिवा आपोआप लागणार नाही," अम्मा आल्यावर तो म्हणाला. "कधीच नाही."

अम्मांचा चेहरा पडला. "म्हणजे तू आता येणार नाहीस."

दिनकरला भडभडून आलं. एकटी बाई, अंधारात आपोआप लागणाऱ्या दिव्याला किती घाबरली असेल. त्याला स्वतःची लाज वाटली. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल हे ठाऊक असूनही तो बोलून गेला.

"अम्मा, तो दिवा मीच लावत होतो. खोलीवरून. इथे यायला मिळावं म्हणून."

अम्मा उठून देवघरात गेल्या आणि तिथल्या दिव्याचा, फडक्यात गुंडाळलेला बल्ब आणून त्याच्या हातावर ठेवला. तो एका बाजूने काळा पडला होता.

"हा? हा तर पोंगलच्या आधीच जळाला, बाळ."