घरचं भांडं

फाट्यावरच्या बद्रीनाथच्या हॉटेलातल्या कपबशा परत बाहेर आल्या होत्या. उकळत्या पाण्यातून काढून त्यानं त्या फळीवर पालथ्या मांडल्या होत्या. अजून वाफ निघत होती.

कडूबा बाकड्याच्या टोकाला बसला होता. मांडीवर गाठोडं. त्यात ज्वारीच्या लाह्या, गुळाचा खडा आणि सगळ्यात वर जर्मनचा पेला. लाह्या लेकीसाठी होत्या. सोनूबाई शहागडला दिली होती. पटकीच्या दिवसांत ट्रकवाले वाटेत माणूस घेत नव्हते, त्यामुळं उन्हाळ्यापासून लेकीचं तोंड दिसलं नव्हतं. आज फाट्यावर ट्रक मिळेल, असं सगळेच म्हणत होते.

"आजपासून घरचं भांडं बंद," बद्रीनाथ म्हणाला. "पटकी गेली. विहिरीत लाल औषध टाकणारेबी परत गेले."

"बराबर," काकासाहेब म्हणाले. फाट्याच्या दोन्ही अंगांना त्यांचीच जमीन होती. "म्हणून तर मी पेला घरीच ठेवून आलो. पण औषध गेलं म्हणतोस, अन् तुझ्या चहाला चव तर अजून तीच हाय."

बाकडं हसलं. कडूबाही हसला.

पटकीच्या आधी तो या बाकड्यावर कधी बसला नव्हता. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांसाठी बाहेर लिंबाच्या ढोलीत एक कप असायचा, कान तुटलेला. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, वरून ओतलेला चहा उकिडवं बसून प्यायचा. मग रोग आला. बद्रीनाथनं सगळ्यांनाच घरून भांडं आणायला लावलं आणि सगळ्यांनाच तो वरून चहा ओतायला लागला. माणसं बाकड्यावर हातभर अंतर ठेवून बसू लागली. गावात कुणीच कुणाला शिवत नव्हतं. अशा एका सकाळी कडूबा टोकाला बसला. कुणी काही बोललं नाही. त्या आठवड्यात काकासाहेबांचा धाकटा भाऊ गेला होता. कडूबाचाही गेला होता.

बद्रीनाथ कपबशा देत देत बाकड्याच्या टोकापर्यंत आला आणि कडूबाच्या अलीकडच्या माणसापाशी थांबला. हात मोकळे करून तो भट्टीकडं वळला.

"मालक, एक इकडं."

बद्रीनाथनं मागं पाहिलं नाही. "तुझा कप हाय ना ढोलीत. जा, धुऊन घे."

कडूबानं गाठोड्यातून पेला काढला. "मंग माझं घरचंच राहू द्या. टोचायला आल्ता त्या डॉक्टरनं सांगितलंय, रोग गेला तरी काही दिवस जपा म्हणून."

"लईच जपून राह्यला रे हा," काकासाहेब बशीतला चहा फुंकत म्हणाले. "जपायचंच असंल तर बाहेरची हवा चांगली."

"काकासाहेब, आता तर कायदा झाला म्हणतेत."

"झाला ना. मंग कचेरीत जाऊन पी चहा."

या वेळी बाकडं जास्त हसलं. बद्रीनाथ हसला नाही. तो भट्टीत लाकूड सारत राहिला.

कडूबा उठला. पेला त्यानं परत गाठोड्यात घातला. ढोलीतल्या कपात कोळ्यानं जाळं केलं होतं. बोटानं ते काढून त्यानं कप मातीनं घासला, धुतला आणि लिंबाखाली उभा राहिला.

तेवढ्यात शहागडकडून आलेला ट्रक फाट्यावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला तो हातात काचेचा ग्लास घेऊनच.

"यात ओत," तो बद्रीनाथला म्हणाला. "तुझा कप नको."

"का? पटकी तर गेली."

"कुठली गेली? शहागडला परत लागली. सकाळी दोन मढी उचलली. नदीवर गाड्या अडवून राह्यलेत. माझीच तेवढी सुटली."

बद्रीनाथनं जल्दी जल्दी कपबशा गोळा करायला सुरुवात केली. काकासाहेबांच्या हातातली भरली बशीसुद्धा त्यानं काढून घेतली. "द्या, द्या. घरची भांडी काढा."

"अरे, माझा पेला घरी हाय!"

"मंग उद्या प्या, काकासाहेब."

माणसं न सांगता बाकड्यावर एकमेकांपासून सरकली. दोघं उठून घराकडं गेले. टोकाची जागा मोकळी होती.

ड्रायव्हरचं बोलणं कडूबानं ऐकलं होतं. पण त्याची नजर त्या जागेवर होती. त्यानं कान तुटलेला कप ढोलीत ठेवला, गाठोडं काखेत मारलं आणि तो आत येऊन बसला. पेला काढून पुढं केला. बद्रीनाथनं वरून धार धरली आणि पेला काठोकाठ भरला. काकासाहेब रिकाम्या हातांनी रस्त्याकडं बघत होते.

चहा कडक होता. कडूबानं पाठ टेकली आणि मोठा घोट घेतला.

"कडूबा," बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला, "तुझी सोनू शहागडलाच ना रे?"

घोट कडूबाच्या तोंडात होता. तो त्याला गिळता येईना आणि थुंकताही येईना.